बुटांना ऊन

रविवारी सकाळी साडेसातला माझ्या डोक्यावर एक माणूस चालायला लागला.

बुलढाण्यात खोली घेऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. देऊळघाटच्या शाळेत माझी नवी नेमणूक झाली होती आणि त्याच शाळेतल्या इंगळे मॅडमनी त्यांच्या घराचा पुढचा भाग मला भाड्याने दिला होता. घर अर्धं स्लॅबचं, अर्धं टिनाचं. स्लॅबखाली मी, मधे अंगण, आणि अंगणापलीकडे टिनाच्या दोन खोल्यांत मॅडम आणि त्यांचे वडील. माझ्यावर फक्त गच्ची. मग गच्चीवर हा धपधप चालणारा कोण? या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जायचा, वळताना तळवा घासल्याचा आवाज यायचा, की परत. मी दात घासायचा ब्रश तोंडात तसाच धरून अंगणात आले. मनात म्हटलं, मॅडमनी सांगितलं नाही, पण या घरात कोणीतरी फौजदार आहे.

जिन्यावरून उतरल्या त्या मॅडमच. अंगात फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, आणि पायात घोट्याच्या वर आलेले तपकिरी चामड्याचे, लाल लेसचे, डोंगरात घालायचे बूट.

"काऊन वं सविता, झोपमोड झाली का?"

"नाही मॅडम. तुम्ही कुठे निघालात?"

"कुठीच नाई," त्या म्हणाल्या आणि शेवटच्या पायरीवर बसून लेस सोडायला लागल्या.

मला हसू आलं होतं हे कबूल करते. त्या घरात मी पुढे पाच वर्षं राहिले. पाच वर्षांत ते बूट जवळजवळ अडीचशे वेळा माझ्या डोक्यावरून गेले असतील, आणि एक वेळ सोडली तर ते खरंच कुठेही गेले नाहीत.

मॅडमचं नाव शालिनी. अंगाने काटक, आवाजाने करड्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या. लग्न का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही, कारण शाळेत ते सगळ्यांनी विचारून झालं होतं आणि सगळ्यांना फटके बसले होते. जिभेला धार होती. आमच्या एका सरांनी केदारनाथहून आल्यावर प्रसाद वाटला. मॅडमनी प्रसाद घेतला, कपाळाला नाही पण तोंडाला लावला, आणि विचारलं, "सर, किती चाललात?"

"चालायचं कुठं मॅडम, घोडा केला होता."

"मंग घोडा जाऊन आला म्हना."

सर महिनाभर बोलले नाहीत. मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही. दुसरं कोणी डोंगराचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं, आणि का फिरायचं ते मला कळायला एक पावसाळा गेला.

त्यांनी ती गोष्ट मला एकदम कधी सांगितली नाही. देऊळघाटला जाता-येता मी त्यांच्या गाडीवर मागे बसायची, आणि त्या समोर बघत वाऱ्यात बोलायच्या. निम्मं मला मिळायचं, निम्मं रस्त्यावर पडायचं. जुळवून जुळवून कळलं ते असं. शिक्षकांचा एक गट उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयातली एक खिंड ओलांडायला जाणार होता. सहा दिवसांची चाल, वर बर्फ. मॅडमनी नाव दिलं. रोज पहाटे उठून राजूर घाट चढल्या-उतरल्या. पुण्याला भावाकडे गेल्या तेव्हा बूट घेतले. बायकांच्या मापाचे नव्हते म्हणून पुरुषांतले सगळ्यांत लहान घेतले आणि दोन मोज्यांवर भागवायचं ठरवलं. निघायला आठ दिवस राहिले आणि बाबा न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गट गेला आणि आला. बूट खोक्यातच राहिले. मी राहायला आले तेव्हा या गोष्टीला चार वर्षं झाली होती.

"मंग पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं," त्या म्हणायच्या. दर वर्षी पुढचं वर्ष यायचं.

बाबांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. शाळेच्या वेळात ते काम शेजारच्या कांताबाई करायच्या, बाकी सगळं मॅडम. त्यांच्या हातातलं घड्याळ दर दोन तासांनी बारीक आवाज करायचं. वर्गात, बाजारात, बुद्धविहारातल्या वंदनेच्या वेळीही तो आवाज व्हायचा. कांताबाई तिकडे आहेत हे माहीत असूनही त्यांचा हात आपोआप उचलल्यासारखा व्हायचा. मी एकदा म्हटलं, शाळेत तरी ते बंद ठेवा. त्या म्हणाल्या, "मले बंद करता येईन का?"

बाबांबद्दल सांगायलाच हवं, कारण बुटांची खरी विद्या त्यांची. ते उंद्रीकडचे पोस्टमन. तीस वर्षं त्या भागातल्या खेड्यांत पायी आणि सायकलीवर पत्रं वाटली. मॅडमचे आजोबा गावातल्या मोठ्या गल्लीतून जाताना वाहाणा काढून हातात घ्यायचे. घ्याव्या लागायच्या. बाबांनी ते लहानपणी पाहिलेलं. नोकरी लागल्यावर त्याच गल्लीतून ते बूट वाजवत गेले, आणि घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे बूट पुसणं. पोरांचेही तेच पुसायचे. रविवारी सकाळी अंगणात गोणपाट टाकून शालिनीचे आणि तिच्या धाकट्या भावाचे, दिलीपचे शाळेचे बूट घेऊन बसायचे. शेजारी हसायचे, बाप पोरीचे जोडे पुसतो म्हणून. बाबा म्हणायचे, "ज्याचे जोडे साफ, त्याले रस्त्यातून बाजूले हो म्हनाची कोनाची हिंमत होत नाई." हे वाक्य मॅडमनी मला इतक्या वेळा ऐकवलं की ते बाबांच्या आवाजात मी कधी ऐकलं नाही हे मी विसरूनच जाते. मी आले तेव्हा बाबांकडे चार-पाच शब्द उरले होते. पाणी. नको. बाई, म्हणजे मॅडम. आणि ऊन.

रविवारचा कार्यक्रम ठरलेला. पाऊण तास गच्चीवर चालून झालं की मॅडम पायरीवर बसून लेस काढायच्या आणि रिठ्याच्या पाण्यात टाकायच्या. आतले तळ बाहेर काढून झटकायच्या. मग एक बांबूची काडी घेऊन तळव्यातल्या खाचा कोरायच्या, एकेक. गच्चीवर चालणाऱ्या बुटांत काय अडकणार? पण काही ना काही निघायचंच. गच्चीवर आम्ही मिरच्या, डाळी वाळवायचो. एकदा मुगाचा अख्खा दाणा निघाला. मॅडमनी तो तळहातावर घेऊन मला दाखवला.

"पाह्य. हिमालयाचा मूग."

त्या दिवशी आम्ही दोघी हसत सुटलो. मॅडमनी डोळे पुसले, मग तो दाणा कुठे टाकावा ते त्यांना सुचेना, आणि शेवटी तो त्यांनी मोगऱ्याच्या कुंडीत खोचला.

नंतर बूट बाबांकडे जायचे. उशा लावून बाबांना बसवायचं, मांडीवर पाट ठेवायचा, पाटावर डावा बूट. बाबा डाव्या हाताने ब्रश मारायचे. जन्मभर उजव्या हाताने काम केलेला माणूस, त्यामुळे सुरुवातीला ब्रश बुटापेक्षा चादरीवर जास्त फिरायचा म्हणे. मी पाहिलं तोवर हात बसला होता. टाचेकडून पुढे, छोटे छोटे फटके, मग ओल्या फडक्याने पुसणं, मग मध विकणाऱ्याकडून आणलेलं मेण आणि जवसाचं तेल एकत्र करून बोटाने चोळणं. शिवणीत बोट जायचं नाही तिथे ते नख घालायचे. एका बुटाला अर्धा तास. मॅडम तेवढ्या वेळात भाकरी टाकून घ्यायच्या. आठवड्यातला तो एकच तास त्यांच्या घड्याळाचा आवाज कोणाच्या लक्षात यायचा नाही.

दोन्ही बूट झाले की बाबा ब्रश खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "ऊन."

"हो बाबा, दाखवते," म्हणून मॅडम बूट वर न्यायच्या आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवायच्या. बाबांच्या पलंगाजवळच्या खिडकीतून बरोबर तो कठडा दिसायचा. आपल्याकडे साठवायच्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात. तूर, गहू, मिरची, गाद्या, गोधड्या. बाबांनी तीस वर्षं पावसाळ्यात भिजलेले बूट दगडावर ठेवून उन्हात खडखडीत केले होते. त्यामुळे दर रविवारी ते तपकिरी बूट दुपारपर्यंत कठड्यावर तापायचे, आणि बाबा पलंगावरून त्यांच्यावर लक्ष ठेवायचे.

पायातल्या वस्तूवरून माणूस ओळखायची मॅडमना सवय होती. शाळेत वर्गाबाहेर पोरांच्या चपलांची रांग लागायची. मॅडम आत जाण्याआधी त्या रांगेवरून एक नजर फिरवायच्या आणि हजेरी त्यांची तिथेच व्हायची. एका सकाळी आत येऊन त्यांनी चौथीतल्या एका मुलीला विचारलं, "तुही माय गावाले गेली का वं?" मुलगी रडायलाच लागली. आई दोन दिवसांपूर्वी भांडून माहेरी गेली होती आणि पोरीने आईच्या चपला घातल्या होत्या. मॅडमनी तिला आठवडाभर आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "मायच्या चपला पायात आल्या म्हंजे माय घरी नाई, अन् येनार कवा ते बी माईत नाई. नाई तं तिनं मायच्या वस्तूले हात लावला असता का?"

शाळेची सहल लोणारला गेली त्या वर्षीची गोष्ट. मी सुलतानपूरची, म्हणजे लोणार माझ्या घरचंच. मी मॅडमना म्हटलं, आज तरी ते बूट घाला, खाली उतरायचं आहे. त्या म्हणाल्या, "ते बर्फासाठी हाय. गोट्यावर घासाले नाई." आणि कॅनव्हासचे साधे बूट घालून आल्या. पण काय उतरल्या! पोरं मागे राहिली, मी तर फार मागे. झाडीतून त्यांची निळी ओढणी खाली खाली जाताना दिसायची. तळाशी पाण्यापासून थोड्या अंतरावर त्या उभ्या राहिल्या आणि चारी बाजूंनी वर गेलेली कड बघत राहिल्या. मी धापा टाकत पोचले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वीस वर्षांच्या मुलीचा होता.

"सविता, सरळ वर गेलं तं किती वेळ लागन?" त्यांनी समोरच्या कड्याकडे बोट केलं.

मी उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. कांताबाईंच्या नातवाला ताप आला होता, त्यांना निघायचं होतं. मॅडमनी एवढंच विचारलं, "कूस किती वाजता बदलली?" आणि ज्या वाटेने उतरल्या त्याच वाटेने वर चढायला लागल्या. रस्त्यावर गाडी पकडून त्या एकट्या बुलढाण्याला गेल्या. समोरच्या कड्याला किती वेळ लागतो ते मी त्यांना नंतरही सांगितलं नाही.

इथे माझी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. दर मे महिन्यात मी मनाशी एक वाक्य तयार करायची, मॅडम, यंदा दहा दिवस बाबांना मी बघते, तुम्ही जाऊन या. कांताबाई होत्या, मी होते, सगळं होण्यासारखं होतं. पण मला सुट्टीत घरी जायचं असायचं, आणि बाबांचं अंथरूण, त्यांचं सगळं करणं, याची मला भीती वाटायची. किळसही वाटायची, लपवत नाही. पाच वर्षांत ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. मॅडमनी कधी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, याची मला आजही लाज वाटते.

विचारायच्या त्या फक्त दिलीपला. दिलीप पुण्याला कंपनीत. दर मार्चमध्ये फोनवर "यंदा येतोच ताई" म्हणायचा आणि दर एप्रिलमध्ये काहीतरी निघायचं. मुलाची परीक्षा, बायकोचं ऑपरेशन, कंपनीतली कपात. खोटं नसायचं काही. माझ्या चौथ्या वर्षी मात्र तो खरोखर आला. बारा दिवसांची रजा टाकून, बॅग घेऊन अंगणात उभा राहिला. मॅडमनी शिक्षकांच्या गटात नाव आधीच दिलं होतं, पण ते दर वर्षीच द्यायच्या. दिलीपला बघून त्या हातातली कणीक घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दोन दिवस त्यांनी त्याला सगळं शिकवलं. कूस कशी बदलायची, पाठीला पावडर कुठे लावायची, घास कोणत्या बाजूने द्यायचा. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. निघायच्या सकाळी बाबांनी बुटांना अर्ध्याऐवजी एकेक तास घेतला. कोणी घाई केली नाही. झाल्यावर त्यांनी ब्रश ठेवला, पण ऊन म्हणाले नाहीत. डाव्या हाताने बूट मॅडमकडे सरकवले आणि म्हणाले, "बाई." त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी पुन्हा कोणाच्या पूर्ण चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

मी त्यांना सोडायला मलकापूरला गेले. तिथून भुसावळ, मग दिल्लीची गाडी. एसटीत मॅडम खिडकीशी बसल्या. पायात बूट, मांडीवर सॅक. राजूर घाट उतरताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग मोताळ्याला, मग परत. घड्याळ वाजलं तेव्हा मी म्हटलं, "दिलीपदादा आहेत." त्यांनी मान हलवली.

मलकापूरला स्टँडपासून स्टेशनपर्यंत चालताना आवाज यायला लागला. फट, फट. डाव्या बुटाची टाच तोंड उघडत होती. फलाटावर पोचेपर्यंत तळवा पुढच्या बोटांशी लोंबत होता, आणि त्यातून काळपट भुगा सांडत होता, हाताने चुरलेल्या बिस्किटासारखा. मॅडम बाकावर बसल्या. उजवा बूट हातात घेऊन त्यांनी नुसता वाकवला तर त्याचाही तळवा सुटला. वरचं चामडं मात्र आरशासारखं चमकत होतं.

"मॅडम, काही बिघडत नाही," मी म्हटलं. "दिल्लीत दुसरे घेता येतील. तिकडे वर भाड्यानेसुद्धा मिळतात म्हणे."

"भेटतात. मले माईत हाय," त्या म्हणाल्या.

गाडी आली. मी सॅक उचलली. मॅडम बसून राहिल्या. मी दोनदा हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पाय हलवले नाहीत. गाडी तीन-चार मिनिटं थांबली असेल, मग निघून गेली. मग त्यांनी सॅकमधून चपला काढून घातल्या, तळवे आणि बूट एका पिशवीत भरले, फलाटावरचा भुगा पायाने बाजूला केला.

परतीच्या एसटीत त्या बोलल्या. "बुटाचं नुसतं निमित्त झालं वं. बूट धड असते तरी मी बसली नसती. इतकी वर्षं वाटे, कोनी दहा दिवस सोडवलं का मी पयत सुटन. आज सुटली, तं मले बाबाची कूस सोडून काईच आठवे ना."

त्या रडल्या नाहीत. मी रडले.

घरी पोचलो तेव्हा दिलीप अंगणात फोनवर होता. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग सुटका, मग त्या सुटकेची शरम. "मी केलं असतं गं ताई," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. मॅडम आत गेल्या. बाबांनी आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पायात चपला होत्या. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. आपणहून, कोणी कूस न बदलता, त्यांना जेवढी मान वळवता येत होती तेवढी वळवून ते भिंतीकडे बघत राहिले.

मी त्या सुट्टीत घरी गेले नाही. पुढचे तीन रविवार बूट पिशवीतच राहिले. गच्ची गप्प होती. बाबा घास घ्यायचे, पाणी मागायचे, पण बाई म्हणायचे नाहीत. मॅडमनी एकदा पाट, ब्रश आणि शाळेच्या चपला नेऊन ठेवल्या. बाबांनी ब्रश हातात घेतला आणि पलंगाखाली टाकून दिला. त्या दिवशी मॅडम पहिल्यांदा माझ्या खोलीत येऊन बसल्या. चहा घेतला नाही. "त्याईले वाटते त्याईच्यापायी मी मागं फिरली," त्या म्हणाल्या. "आता त्याईले कसं सांगू, मी माह्यापायीच फिरली?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पिशवी घेऊन स्टँडजवळ जोडे शिवायला बसणाऱ्या काकांकडे गेलो. म्हातारा माणूस, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी चामडं बोटाने दाबून पाहिलं आणि खूश झाले. "काय राखलं हाय मॅडम हे!" मग तळव्याचा भुगा चोळून पाहिला आणि मान हलवली. "हा शिवलेला बूट नाई, चिटकवलेला हाय. याले ऊन दाखवलं का?"

"दर रविवारी."

"अरे बाप्पा! मंग काय राह्यते? आपल्या इकडचं ऊन! शिजला ना तो. जुने कॅनव्हासचे असते तं ठीक होतं. याले सावलीत हवा पाह्यजे, अन् मातीत चालला पाह्यजे. नुसता पुसून ठेवलेला बूट आतून मरते." त्यांनी चष्मा वर केला. "कोनं सांगतलं तुमाले ऊन दाखवाले?"

मी मॅडमकडे पाहिलं.

"कोनीच नाई," मॅडम म्हणाल्या. "माह्याच मनानं केलं."

काकांनी ट्रकच्या टायरचे तळवे कापून, चहूबाजूंनी शिवून लावले. बूट जड झाले. बर्फात ते चालणार नव्हते, काकांनी तसं स्पष्ट सांगितलंही. मॅडमनी ते ऐकलं, पैसे दिले आणि बूट घेऊन निघाल्या. गाडीवर मी विचारलं, मग हे करायचं कशाला? त्या समोर बघत वाऱ्यात म्हणाल्या, "बाबाचं काम हाय ते. काढून घेतलं तं रविवारी काय करतीन ते?"

चौथ्या रविवारी त्या गच्चीवर चालल्या. माझ्या छतावरचा आवाज आता जाड, बसका झाला होता. मग बूट पाटावर गेले. मी दारात उभी होते. बाबांनी तळवा उलटा करून पाहिला, शिवणीवरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"पक्के झाले बाबा आता," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या उन्हाळ्यात जाते."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी डाव्या हाताने ब्रश मागितला.

पुढच्या मे महिन्यात माझी बदली लोणार तालुक्यात झाली. घराजवळ. मी अर्ज केला होता, तो मंजूर झाला. मॅडमनी माझ्यासाठी शेवया दिल्या, लोणच्याची बरणी दिली, आणि नव्या खोलीचं छत गळतं का ते आधी बघून घे असं बजावलं. यंदा त्यांनी नाव दिलं होतं का, हे मी विचारलं नाही.

टेम्पो रविवारी सकाळी आला. सामान भरून झालं तेव्हा मी निरोप घ्यायला आत गेले. बाबांचा उजवा बूट संपत आला होता. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मेणाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला, मग शेवटचा एक फटका मारून ब्रश खाली ठेवला.

"ऊन," ते म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो बाबा, दाखवते," म्हणाल्या, आणि बूट दोन हातांत घेऊन जिना चढायला लागल्या.

मी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी वळवायला त्याला थोडा वेळ लागला, तेवढ्यात गच्ची दिसली. मॅडमनी बूट कठड्यावर ठेवले, बाबांच्या खिडकीसमोर, नेहमीच्या जागी. दोन पावलं मागे सरून पाहिलं. डाव्या बुटावर पाण्याच्या टाकीची सावली पडत होती. त्या परत पुढे आल्या आणि तो बूट त्यांनी उन्हात सरकवला.